औषध मारूनही टोमॅटोवर आठ दिवसांत कीड परत का येते: झाडाचा स्वतःचा बंदोबस्त आणि तो कुठे ढासळतो

फवारणी झाली, तिसऱ्या दिवशी प्लॉट स्वच्छ दिसला, आणि आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा तेच. मग औषध बदला, मात्रा वाढवा, दोन-तीन औषधं एकाच टाकीत घाला. तरी तोड्याच्या दिवशी किडक्या फळांचा क्रेट बाजूला पडतोच. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात ही तक्रार दर हंगामात असते, आणि उत्तर बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवर शोधलं जातं. खरा दोष पुष्कळदा आधीच्या पंधरवड्यात असतो: खताच्या हिशेबात, मागच्या दोन फवारण्यांत, नाहीतर न उपटलेल्या चार रोगट झाडांत. टोमॅटोचं झाड किडीला ओळखतं आणि तिच्याशी झगडतं. त्याची ती ताकद आपणच कमी केली, तर पुढचं सगळं ओझं औषधावर पडतं, आणि तेवढं ओझं कुठलंच औषध पेलत नाही.

आधी पट्टी घ्या आणि अळी मोजा

"कीड परत आली" म्हणताना तीन वेगळे प्रकार एकाच नावाने सांगितले जातात. ते वेगळे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फळ पोखरणाऱ्या अळीचं, म्हणजे हेलिकोव्हर्पाचं अंडं साधारण तीन ते पाच दिवसांत फुटतं. बहुतेक औषधं अंड्याला काही करत नाहीत. तेव्हा फवारणीनंतर सहाव्या-सातव्या दिवशी पाच मिलिमीटरहून लहान अळ्या दिसल्या, तर औषध फसलं असं नाही. ती नवी पिढी आहे, फवारणीच्या वेळी ती अंड्यात होती किंवा अंडं घातलंही गेलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड सेंटिमीटरची अळी जिवंत फिरताना दिसली, तर मात्र औषध पोहोचलं नाही किंवा अळी त्याला सरावली आहे. आणि अळी गेली पण फुलकिडे, पांढरी माशी किंवा कोळी वाढला, तर तो तिसराच प्रकार आहे. त्याचं मूळ शक्यतो मागच्या फवारणीतच निघतं.

तपासणीला वीस झाडं पुरतात. सकाळी ऊन चढायच्या आत प्लॉटमध्ये तिरपं चाला, बांधालगतच्या दोन ओळी वेगळ्या धरा. प्रत्येक झाडाची शेंड्याकडची तीन पानं, मधलं एक, खालचं एक, फुलांचा एक घोस आणि फळांचा एक घोस उलटून पाहा. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पांढरा कागद हवा. हेलिकोव्हर्पाचं अंडं सुटं असतं, पिवळसर पांढरं, फुलांच्या वरच्या घोसाजवळच्या पानांवर. खालची पानं चाळून "अंडी नाहीत" म्हणणं ही नेहमीची चूक.

जखम वाचायला शिका. फळाला गोल भोक, बाहेर ओली विष्ठा आणि अर्धी अळी आत असेल, तर हेलिकोव्हर्पा. एखाद्याच झाडाची पानं जाळीसारखी खरवडलेली आणि आजूबाजूची झाडं ठीक असतील, तर तंबाखूची पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा), कारण ती अंडी पुंजक्याने घालते. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पसरट पारदर्शक डाग, आत काळी विष्ठा आणि देठाजवळ फळाला टाचणीएवढी भोकं, ही २०१४ पासून आपल्याकडे नोंदलेली टुटा अळी. नुसत्या बारीक नागमोडी पांढऱ्या रेघा म्हणजे साधी नागअळी. तिच्यासाठी टुटाचं महागडं औषध मारलेले प्लॉट कमी नाहीत. चंदेरी ओरखडे आणि त्यावर काळे ठिपके दिसले, तर फूल कागदावर झटका, फुलकिडे पळताना दिसतील. खालच्या पानांवर पिवळट बारीक ठिपके आणि मागे जाळं असेल, तर लाल कोळी. तो बहुधा धुरळा उडणाऱ्या रस्त्याकडच्या ओळींतून सुरू होतो.

जखम ओळखण्यावर एवढा भर देण्याचं कारण आहे. झाडसुद्धा जखमेवरूनच ठरवतं, कोणता बंदोबस्त लावायचा ते.

झाडाला कसं कळतं

कात्रीने पान कापलं आणि अळीने तेच पान कुरतडलं, तर झाडासाठी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कात्रीने फक्त जखम होते. अळीने कुरतडलं की जखमेत तिच्या तोंडातला स्राव मिसळतो, आणि त्यातले काही रेणू झाडाला ओळखू येतात. असा एक रेणू, व्होलिसिटिन, १९९७ मध्ये स्पोडोप्टेराच्याच कुळातल्या एका अळीच्या स्रावात सापडला. मक्याच्या जखमेवर तो लावला की मका विशिष्ट वास सोडतो, आणि त्या वासाच्या मागावर अळीत अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी माश्या येतात. चवळीची तऱ्हा आणखी गमतीची. अमेरिकन लष्करी अळी चवळीचं पान खाते, तिच्या पोटात पानातल्याच एका प्रथिनाचा तुकडा पडतो आणि तोंडावाटे तो परत पानाला लागतो. चवळी आपल्याच मालाच्या तुकड्यावरून चोर ओळखते.

टोमॅटो या अभ्यासात फार जुना आहे. जखम झालेल्या टोमॅटो आणि बटाट्याच्या पानांत अळीचं पचन अडवणारी प्रथिनं तयार होतात, आणि न खाल्लेल्या पानांतही होतात, हे १९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं. जखमेचा निरोप पुढे नेणारी अठरा अमिनो आम्लांची छोटी साखळी, सिस्टेमिन, १९९१ मध्ये टोमॅटोच्याच पानांतून वेगळी काढली गेली. २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावर तर हा निरोप प्रत्यक्ष चमकताना टिपला: जखमेतून ग्लुटामेट बाहेर पडतं आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने दुसऱ्या पानांकडे निघते.

त्यामागोमाग काही मिनिटांत जास्मोनिक आम्ल वाढतं. हा या बंदोबस्ताचा मुकादम. त्याच्या हुकुमावर पानात दोन महत्त्वाच्या गोष्टी साठू लागतात: अळीच्या पोटातले प्रथिनं पचवणारे विकर (एन्झाइम) बंद पाडणारी प्रथिनं, आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, म्हणजे कापलेलं वांगं काळं पाडतो त्या जातीचं विकर. ते पानातल्या प्रथिनांना असं जखडतं की अळीने खाल्लं तरी अंगी लागत नाही. हे साठायला तास नाही, एक-दोन दिवस लागतात.

तिसरी गोष्ट आधीपासूनच पानावर असते. टोमॅटोची बांधणी करताना हात हिरवट-काळे होतात आणि उग्र वास येतो, तो पानावरच्या ग्रंथी असलेल्या केसांचा. लहान कीड त्यांत चिकटते, केस फुटले की आतला रस तिच्या अंगाला लागतो.

आता इथे एक अपेक्षा सोडून द्या. या बंदोबस्ताने अळी बहुतेक वेळा मरत नाही, रखडते. जी अळी पंधरा-वीस दिवसांत पूर्ण वाढली असती, ती जास्त दिवस लहान राहते. लहान अळी कमी खाते, उघड्यावर जास्त दिवस राहते, ढालकिडा आणि क्रायसोपा या मित्रकीटकांच्या तोंडाला सापडते, जैविक औषधाला बळी पडते. झाडाने अळी लहान ठेवायची आणि बाकीच्यांनी ती संपवायची, अशी ही वाटणी आहे. कॅलिफोर्नियात टोमॅटोच्या शेतात जास्मोनिक आम्ल फवारून पाहिलं तेव्हा अळ्यांवरच्या परोपजीवी माश्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं (१९९९). परोपजीवीच मारून टाकले, तर रखडलेली अळी फक्त उशिरा मोठी होते.

अळीही गप्प बसत नाही. हेलिकोव्हर्पाच्या पोटात पचनाचे विकर अनेक प्रकारचे असतात. एक बंद पडला की ती दुसऱ्यावर जाते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विकरांवर आणि मिरचीतल्या पचनरोधक प्रथिनांवर पुष्कळ काम झालं आहे, ते याच खोडीमुळे.

दोन मुकादम, एकमेकांचे पाय ओढणारे

कुरतडणाऱ्या अळीविरुद्ध जास्मोनिक आम्लाचा रस्ता चालतो. बुरशी आणि जिवाणूंच्या पुष्कळ रोगांविरुद्ध आणि पांढऱ्या माशीसारख्या रस शोषणाऱ्या किडींनंतर सॅलिसिलिक आम्लाचा रस्ता चालू होतो. अडचण अशी की एक जोरात असला की दुसरा बऱ्याचदा दबतो.

पांढऱ्या माशीने याचाच फायदा घेतलेला आहे. ती पेशी फारशा न फोडता सोंड थेट रसवाहिनीपर्यंत नेते, सॅलिसिलिकचा रस्ता चालू करते आणि तिला खरा त्रास देणारा जास्मोनिकचा रस्ता दाबते. इतकंच नाही, माशी लागलेलं टोमॅटोचं झाड जे वास सोडतं ते शेजारच्या झाडांनाही चुकीच्या तयारीला लावतात, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे माशीकडे दुर्लक्ष करून फक्त अळीवर मारत राहणं म्हणजे झाडाचा एक हात बांधून ठेवणं.

दोष कुठे सापडतो

*नत्र.* सर्वांत जास्त वेळा इथेच. नत्र जास्त झालं की पानातला रस अमिनो आम्लांनी गोड होतो, केसांची आणि फिनॉलची गुंतवणूक कमी होते, पान कोवळं आणि मऊ राहतं. मावा, पांढरी माशी, कोळी आणि अळी सगळ्यांनाच ते रुचतं. संकरित टोमॅटोची शिफारस हेक्टरी ३०० : १५० : १५० किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी १२० : ६० : ६०. आता हिशेब मांडा. दोन टन कोंबडखतात ४० ते ६० किलो नत्र असू शकतं. बेसल डोसमध्ये डीएपी, त्यानंतर ठिबकमधून १९:१९:१९, मग "फुटवा येत नाही" म्हणून युरिया, शिवाय फवारणीच्या टाकीत पुन्हा युरिया. कोंबडखत कोणी हिशेबातच धरत नाही. शेंडा जाड, पानं गर्द हिरवी आणि खाली वळलेली, पेरं लांब, फूलगळ, ही लक्षणं एकत्र दिसली तर कीडनाशक बदलण्याआधी युरिया बंद करा.

पालाश कमी पडलं तरी पानात साखर आणि अमिनो आम्लं मोकळी पडून राहतात, आणि परिणाम तोच. नत्र-पालाशचं प्रमाण बिघडलेल्या प्लॉटला कुठलीही फवारणी टिकत नाही, असं म्हटलं तरी फार चुकत नाही.

*नाव वेगळं, गट तोच.* दुकानातून प्रत्येक वेळी नवीन बाटली आणली म्हणजे औषध बदललं असं होत नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल, सायअँट्रानिलिप्रोल आणि फ्लुबेंडियामाइड तिन्ही एकाच गटाची, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने काम करणारी, गट २८. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, असिटामिप्रिड तिन्ही गट ४, म्हणजे निओनिकोटिनॉइड. बाटलीवरच्या मोठ्या नावाकडे न पाहता खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. दीड सेंटिमीटरची अळी जिवंत राहत असेल, तर मागच्या तीन फवारण्यांचे घटक एका कागदावर लिहा. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

*फवारणीने वाढवलेला कोळी.* पायरेथ्रॉइड गटाचं औषध मारल्यावर लाल कोळी उसळतो हा अनुभव जुना आहे. कोळी खाणारे भक्षक आधी मरतात. निओनिकोटिनॉइड गटाचं प्रकरण वेगळं आहे. २०१३ मध्ये टोमॅटो, कापूस आणि मका या तिन्ही पिकांवर दिसलं, की ही औषधं झाडाचा स्वतःचा बंदोबस्तच बदलतात आणि कोळी जास्त वाढतो. म्हणजे शेतात भक्षक असो नसो, झाडच कोळ्याला जास्त सोयीचं होतं. रोपवाटिकेत आळवणी, लावणीनंतर आळवणी, मग पांढऱ्या माशीसाठी दोन फवारण्या, सगळ्या याच गटाच्या, आणि मार्चमध्ये कोळी आवरत नाही. या साखळीत पहिली कडी तोडायची असते, शेवटी कोळीनाशक वाढवून भागत नाही.

*प्रतिकारशक्ती वाढवणारी बाटली.* सॅलिसिलिक आम्ल असलेली उत्पादनं सर्रास "इम्युनिटी" म्हणून विकली जातात. रोगाच्या हंगामात त्यांचा काही उपयोग असू शकतो. पण प्लॉटमध्ये अळीची अंडी दिसत असताना ती फवारणं म्हणजे चुकीच्या मुकादमाला शिट्टी देणं. कोणती प्रतिकारशक्ती, कशाविरुद्ध, हे विचारल्याशिवाय बाटली घेऊ नका.

*उभं ठेवलेलं रोगट झाड.* पर्णगुच्छ, म्हणजे पानं आकसवणारा विषाणूरोग, झालेल्या झाडाला फळ येणार नाही एवढंच नुकसान नाही. या रोगाच्या कुळातल्या काही विषाणूंबरोबर फिरणारा एक छोटा सोबती झाडाचा जास्मोनिक रस्ता दाबतो, आणि त्या झाडावर पांढरी माशी जास्त पोसते. तुमच्याच प्लॉटमध्ये तुम्ही माशीची पाळणाघरं ठेवलेली असतात. लावणीनंतर पहिल्या महिना-सव्वा महिन्यात अशी झाडं काढा, पण नुसती उपटू नका. हलवलं की माशी उडून शेजारी बसते. सकाळी थंड वेळी झाडावर मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, खाली तोंड आवळा, मग उपटा आणि पिशवीसकट उन्हात ठेवा.

*दाटी.* शेजाऱ्याच्या पानांवरून परतलेला उजेड झाडाला "सावली येतेय, वर पळ" असं सांगतो, आणि वर पळताना झाड बंदोबस्तावरचा खर्च कमी करतं. पाच फूट सरी आणि सव्वा ते दीड फूट रोप याहून दाट लावून खालचे फुटवे न काढता ठेवले, तर आतल्या पानांवर औषधही पोहोचत नाही आणि झाडही कमजोर राहतं. दोन्हीकडून तोटा.

*पाणी कमी.* औषधाचं नाही, फवारणीचं. पूर्ण वाढलेल्या टोमॅटोला एकरी सुमारे २०० लिटर लागतात, म्हणजे सोळा लिटरच्या पंपाने बारा-तेरा पंप. सात-आठ पंपांत उरकलं तर पानाची खालची बाजू कोरडीच राहते, आणि माशी, कोळी, फुलकिडे तिथेच असतात.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

पहिल्या दिवशी फवारणी नको. किडकी फळं आणि टुटाची पानं तोडून प्लॉटबाहेर न्या, खड्ड्यात पुरा किंवा बंद पिशवीत उन्हात तापवा. बांधावर टाकलेली किडकी फळं म्हणजे पुढच्या पिढीचं बियाणं. त्याच दिवशी ठिबकमधलं नत्र एक तृतीयांशाने कमी करा, युरिया पूर्ण थांबवा, आणि पुढचे दहा-बारा दिवस आठवड्यातून दोनदा ०:०:५० हे पालाशचं विद्राव्य खत एकरी तीन किलोच्या आसपास सोडा. माती किंवा पान तपासणीचा अहवाल हाताशी असेल तर आकडा त्यावरून ठरवा.

सापळे त्याच संध्याकाळी लावा. हेलिकोव्हर्पासाठी एकरी पाच कामगंध सापळे, झाडाच्या शेंड्याच्या फूटभर वर. टुटाचा ल्युर (सापळ्यात लावायची वासाची गोळी) निराळा आणि त्याचा सापळा खाली, झाडाच्या खालच्या निम्म्यात. दोन्ही ल्युर एकाच हाताने लागोपाठ हाताळले तर वास मिसळतो आणि दोन्ही सापळे कमी पकडतात. मध्ये हात धुवा किंवा हातमोजे बदला. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग आले, तर तीन-चार दिवसांत लहान अळ्या दिसणार असं धरून तयारीत राहा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निंबोळी अर्क ५ टक्के. २०० लिटरला दहा किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून रात्रभर भिजवा, फडक्यातून दोनदा गाळा, थोडा साबणचुरा घाला. पाण्याचा सामू ८ च्या वर असेल तर निंबोळीतला मूळ घटक लवकर मोडतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालून तो ६ ते ६.५ वर आणा. त्याच संध्याकाळी मारा, उरलेला अर्क दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. याने मोठी अळी मरणार नाही. मादी अंडी कमी घालते आणि लहान अळी खाणं सोडते, एवढंच अपेक्षित आहे.

लहान अळ्या दिसू लागल्या की एचएएनपीव्ही, म्हणजे हेलिकोव्हर्पाला मारणारा विषाणू, एकरी १०० एलई (या विषाणूच्या मात्रेचं एकक), लिटरला दहा ग्रॅम गूळ घालून, सूर्य कलल्यावर. उन्हात हा विषाणू निकामी होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी: अळीने फार कुरतडलेल्या टोमॅटोच्या पानात तेच पॉलिफेनॉल ऑक्सिडेज जागं झालेलं असतं, आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं एनपीव्हीच्या कणांनाही जखडतात. झाडाचा बंदोबस्त इथे आपल्याच माणसाला अडवतो. म्हणून एनपीव्ही नुकसान वाढल्यावर नाही, अंडी फुटायच्या सुमारास मारायचं. सहा-सात दिवसांत अळ्या शेंड्याला उलट्या लटकून मरतात. त्या वेचू नका, त्या फुटूनच विषाणू पसरतो.

ट्रायकोकार्डांबद्दल, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा माशीच्या कार्डांबद्दल, टोमॅटोत थोडं सावध राहा. एकरी वीस हजार अंड्यांचं एक कार्ड, त्याच्या आठ-दहा पट्ट्या कापून, संध्याकाळी, वरच्या तिसऱ्या भागात पानाच्या खालच्या बाजूने टाचा. पण तेच चिकट केस ट्रायकोग्रामाच्या इवल्या माशीलाही अडवतात. उसात किंवा मक्यात मिळतो तेवढा परिणाम इथे मिळेल असं समजू नका. रासायनिक फवारणीनंतर आठवडाभर तरी कार्ड लावणं पैशाचा अपव्यय आहे.

रासायनिक औषध लागलंच, तर मोठ्या अळीसाठी, मागच्या फवारणीपेक्षा वेगळ्या गटाचं, लेबलवर टोमॅटो आणि ती कीड दोन्ही लिहिलेली असतील तेच, लेबलच्याच मात्रेत. काढणीपूर्व किती दिवस थांबायचं ते लेबलवर छापलेलं असतं, तोड्याचा वार त्यावरून ठरवा.

झेंडू लावला होता, तरी?

सोळा ओळींमागे एक ओळ उंच आफ्रिकन झेंडू ही शिफारस चांगली आहे, पण वयाचं गणित चुकलं की फुकट जाते. झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, दोन्ही एकाच दिवशी लावायची, म्हणजे टोमॅटोला फूल येताना झेंडूही फुललेला असतो आणि मादी तिकडे वळते. एकाच वयाची रोपं लावली तर झेंडू फुलेपर्यंत अंडी टोमॅटोवर पडून जातात. दुसरी अडचण आपल्याकडची: दसरा-दिवाळीला भाव चढला की सापळा पीक तोडून पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला रवाना होतं, आणि अंडी घालायला आलेल्या मादीला पुन्हा टोमॅटोच उरतो. फुलं विकायची असतील तर निदान प्रत्येक झाडावर चार-पाच ठेवा. आणि झेंडूवर कोळी व फुलकिडेही वाढतात, तेव्हा त्या ओळीची तपासणी टोमॅटोपेक्षा आधी.

लावणीच्या वेळी केलेली आणि विसरलेली गोष्ट

मायकोरायझा बुरशी मुळांवर वसलेल्या टोमॅटोत हेलिकोव्हर्पा आल्यावर जास्मोनिकचा बंदोबस्त जास्त जोरात आणि लवकर उभा राहतो, हे २०१३ च्या प्रयोगात दिसलं. पण स्फुरद भरपूर मिळालं की झाड या बुरशीला थारा देत नाही. एका हाताने मायकोरायझाचं पाकीट आणि दुसऱ्या हाताने बेडमध्ये डीएपीच्या दोन पोती, हे दोन्ही एकत्र चालत नाही. मायकोरायझा द्यायचा असेल तर तो रोपाच्या मुळाशी, आणि स्फुरदाचा मोठा भाग नंतर ठिबकमधून हप्त्याने.

सिलिकॉनचंही तसंच. ऊस, भात, मका ही गवतवर्गीय पिकं सिलिका भरपूर साठवतात, पान खरखरीत होतं, अळीचे जबडे झिजतात. टोमॅटो सिलिकॉन फारसा उचलत नाही. टोमॅटोसाठी त्यावर खर्च करण्यापेक्षा तीच बाटली उसाला दिली तर पैसे सत्कारणी लागतील.

शेजारी मका किंवा कांदा असेल तर

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकातून देशात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. कोवळ्या मक्यात डिंबोआ नावाचं विषारी द्रव्य असतं, पण ही अळी ते पचवून निष्प्रभ करते. शिवाय पोंग्यात साठलेली तिची ओली विष्ठा मक्याला "रोग आला" असा चुकीचा निरोप देते, आणि अळीविरुद्धचा बंदोबस्त ढिला पडतो. म्हणून मक्यावरची फवारणी पानांवरून वाहून जाता कामा नये, नोझल पोंग्यावर धरून द्रावण आत उतरलं पाहिजे.

कांद्याच्या फुलकिड्यांसाठी राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची सजीव कुंपणाची पद्धत आहे: लागवडीच्या महिनाभर आधी प्लॉटभोवती बाहेर मका आणि आत गहू. फुलकिडे वाऱ्यावर येतात, त्यांना ही भिंत अडवते. फवारणीचा विचार झाडामागे तीस फुलकिडे दिसू लागल्यावर. मोजताना पात वाकवून आतल्या बेचक्यात पाहा, बाहेरच्या पातीवर दिसतात ते थोडेच असतात.

भाव पडला म्हणून बांबू-तारेसकट सोडून दिलेला जुना टोमॅटो शेजारी उभा असेल, तर वरचं सगळं करूनही सापळ्यात पतंग येत राहतील. टुटा आणि हेलिकोव्हर्पाचे कोष त्याच्याच मातीत असतात. शेजाऱ्याशी बोलून ते पीक उपटून घ्या, आणि एकदा खोल नांगरट करून माती उन्हात आठ-दहा दिवस उघडी पडू द्या.